साथीला कोण होतं?

आकाशवाणीची एक सवय मला फार आवडते. शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम संपला की निवेदिका गायकाचं नाव सांगते, राग सांगते, आणि मग न चुकता, त्याच संथ आवाजात, तबल्यावर कोण होतं आणि हार्मोनियमवर कोण होतं तेही सांगते. भावगीत असेल तर गीतकार, संगीतकार, गायक अशी तिन्ही नावं. हा हिशेब चुकता केल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. शाळेत असताना वाटायचं, काय ही सरकारी कटकट, लावा की पुढचं गाणं! आता वाटतं की रेडिओने आपल्याला जे काही शिकवलं त्यातली ही सगळ्यात सभ्य गोष्ट होती.

हे सांगायचं कारण म्हणजे गेलं दीड वर्ष मी स्वतःच एक रेडिओ कार्यक्रम करतोय. रेडिओ म्हणजे आपला घरगुती, जालावरचा. दर शनिवारी रात्री दहा ते अकरा, फक्त जॅझ, आणि निवेदन चक्क मराठीत. स्टुडिओ म्हणजे पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधली बेडरूम. आवाज घुमू नये म्हणून समोरच्या भिंतीवर आजीची गोधडी टांगलेली आहे. पंखा बंद, खिडकी बंद, आणि तरीही सोसायटीच्या वॉचमनची शिट्टी अधूनमधून प्रक्षेपित होतेच. सरासरी श्रोते चौदा. विक्रमी आकडा एकतीस, तोही पावसाने मॅच वाहून गेली त्या रात्रीचा :)

आता चौदा श्रोत्यांच्या कार्यक्रमाबद्दल लोकांची किती मतं असावीत? हापिसच्या कॅन्टीनमध्ये विषय निघाला की श्रोत्यांपेक्षा सल्लागार जास्त निघतात. सल्ले साधारण तीन. एक, "बडबड कमी कर रे, गाणी लाव." दोन, "इंग्रजीत कर, रीच वाढेल." आणि तीन, जो सगळ्यात वर्मी लागणारा, "मुळात हे करतोसच कशाला? ॲपवर सगळं जॅझ पडलेलं आहे, आणि ते तुझ्यापेक्षा चांगलं निवडतं." तिन्ही सल्ले प्रेमाने दिलेले आहेत. म्हणून तिन्हींचं उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

तिसऱ्यापासून सुरुवात करू. ॲप माझ्यापेक्षा चांगलं निवडतं हे मला मान्य आहे. मी इंजिनिअर आहे, मला त्यात अपमान वाटत नाही. लाखो लोकांनी काय ऐकलं, कुठे थांबले, कुठे पुढे ढकललं, एवढा विदा हाताशी असेल तर पुढचं गाणं बरं निघणारच. पण निवडून देणं आणि ओळख करून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही एखाद्या लग्नाला गेलात, हॉलमध्ये चारशे माणसं आहेत. कोणीतरी हुशारीने तुम्हाला तुमच्या वयाच्या, तुमच्या आवडीनिवडीच्या माणसांच्या टेबलावर नेऊन बसवलं, तर ती निवड झाली. आणि मावशी हात धरून घेऊन जाते आणि म्हणते, "हा आपल्या नागपूरच्या काकांचा धाकटा, लहानपणी तुझ्याबरोबर आंबे चोरायला असायचा तो," ती ओळख. टेबल दोन्हीकडे तेच असेल. घरी परतल्यावर लक्षात राहतो तो काकांचा धाकटा.

जॅझच्या बाबतीत हा फरक फार महाग पडतो, कारण या संगीतात साथीदार हेच अर्धं संगीत आहे. उदाहरणादाखल सगळ्यात प्रसिद्ध रेकॉर्ड घेऊ, माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली दोन बैठकांत ध्वनिमुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल. ॲपवर ती माइल्स डेव्हिसच्या नावावर दिसते. ऐकणारा ऐकतो, आवडतं, पुढे जातो. पण पहिल्या गाण्यात पियानोवर बिल एव्हान्स आहे आणि दुसऱ्या गाण्यात, 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्ये, विंटन केली नावाचा वेगळाच माणूस आहे. एव्हान्सचा पियानो धुक्यातून आल्यासारखा, केलीचा एकदम खेळकर, पायाने ताल धरायला लावणारा. अख्ख्या रेकॉर्डमध्ये केली या एकाच गाण्यात आहे. हे एक वाक्य आधी सांगितलं तर तेच दुसरं गाणं श्रोता कान टवकारून ऐकतो. नाही सांगितलं तर दोन पियानोवाले मिळून एक "पियानोचा आवाज" होतो, आणि तो आवाज कोणाचाच नसतो.

किंवा तिथलाच डबल बास घ्या. पॉल चेम्बर्स. दुसरी बैठक झाली त्या २२ एप्रिलला त्याचा चोविसावा वाढदिवस होता. म्हणजे आपल्याकडे पोरं पहिल्या नोकरीत प्रोबेशनवर असतात त्या वयात हा माणूस शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डचा पाया घालत होता. तेहतिसाव्या वर्षी तो गेलाही. ही माहिती कळल्याने बासचे सूर बदलत नाहीत, पण आपण त्या सुरांच्या मागे मागे जायला लागतो. माझ्या एका श्रोत्याने, जो स्वतःला "जॅझमधलं ओ की ठो कळत नसलेला" म्हणवतो, त्या कार्यक्रमानंतर कळवलं की आयुष्यात पहिल्यांदा त्याने एका गाण्यात फक्त बास ऐकला. माझ्या दीड वर्षाच्या कामाचं प्रगतिपुस्तक मागितलंत तर मी हेच दाखवीन.

"पण ॲपमध्ये क्रेडिट्स असतात की!" असतात. दोन-तीन टॅप आत, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत बऱ्याचदा अपुरी. आणि असली तरी ती यादी असते, कोणी वाचून दाखवत नाही. शिवाय आता तर उलटाच प्रवास सुरू आहे. लिझ पेली या पत्रकार बाईंचं 'मूड मशीन' हे पुस्तक २०२५ साली आलं. स्पॉटिफायवरच्या शांत-शांत, कामाला लावून ठेवायच्या प्लेलिस्टमध्ये जॅझसकट अनेक प्रकारांत स्वस्तात बनवून घेतलेलं, खोट्या कलाकार-नावांनी टाकलेलं संगीत कसं भरलं जातं, याचा त्यांनी त्यात माग काढला आहे. भर म्हणून यंत्राने तयार केलेलं "कॅफे जॅझ" आहेच, आठ-आठ तासांचं, खिडकीबाहेर पाऊस पडतोय अशा चित्रासकट. तिथे साथीला कोण होतं हा प्रश्नच विचारायची सोय नाही. कोणी नव्हतंच. आणि मला भीती वाटते ती याची की ऐकणाऱ्याला फरक पडणं बंद होईल. पार्श्वभूमीला काहीतरी छान वाजतंय ना, झालं तर मग!

आता पहिला सल्ला, बडबडीचा. माझा एक तासाचा हिशेब सांगतो. जॅझची गाणी सहा-सात मिनिटांची असतात, कधी दहाच्याही वर जातात. तासात सहा-सात बसतात. त्यात माझं बोलणं मिळून दहा-बारा मिनिटं, म्हणजे प्रत्येक गाण्याला दीड-दोन मिनिटं. याहून कमी केलं तर प्लेलिस्ट होते आणि याहून वाढवलं तर व्याख्यान. बोलायचं काय, तेही ठरलेलं: कोण वाजवतंय, कुठे आणि कधी वाजवलं, आणि कान कुठे लावायचा. "दुसऱ्या मिनिटानंतर ड्रम्स थांबतील, तेव्हा पियानोचा डावा हात ऐका," एवढंच. मला किती समजतं, माझ्याकडे किती रेकॉर्ड्स आहेत, माझा कोणाशी कसा परिचय आहे, हे सगळं हद्दपार. नावं गाण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. आकाशवाणीचा संस्कार, दुसरं काय.

या बाबतीत माझा आदर्श एक अमेरिकन निवेदक आहे, विलिस कोनोव्हर. व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या शॉर्टवेव्हवर १९५५ पासून त्याचा जॅझचा कार्यक्रम लागायचा, आणि १९९६ मध्ये तो वारला तोवर त्याचं हे काम चालू होतं. गंमत म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं, कारण व्हॉइस ऑफ अमेरिकेचे कार्यक्रम देशांतर्गत श्रोत्यांसाठी लावायला १९४८ च्या कायद्याने अटकाव होता. ऐकणारे सगळे पोलंड, रशिया, आशिया असे पसरलेले. इंग्रजी त्यांची परभाषा. म्हणून कोनोव्हर अतिशय सावकाश, सोप्या शब्दांत, एकेक नाव सुटं करून बोलायचा. लोखंडी पडद्यापलीकडच्या कित्येक वादकांनी जॅझ आणि इंग्रजी दोन्ही त्याच्याकडून शिकल्याचं सांगितलं आहे. त्याला कोणी "बडबड कमी कर" म्हटलं असतं तर काय झालं असतं हो?

आता जरा घराजवळ येऊ, कारण नावं घेण्याचा माझा हट्ट खरा इथून आला. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, याबद्दल दुमत नाही. पण मुंबईत ते १९३०च्या दशकातच येऊन पोचलं होतं. लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा बँड १९३५ साली ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, तो पुढे कलकत्त्यातच राहिला आणि १९४५ साली तिथेच वारला. या लोकांबरोबर आणि त्यांचं ऐकून जे वाजवायला शिकले त्यांत मोठा भरणा गोव्याच्या वादकांचा होता. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवायची पद्धत होती, त्यामुळे कागद समोर ठेवला की ही मंडळी लगेच वाजवू शकायची. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात ही सगळी कहाणी आहे. मुंबईत राहणाऱ्या, निदान चर्चगेटवरून रोज लोकल पकडणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं पुस्तक आहे. ज्या रस्त्यावरून आपण इअरफोन लावून जातो तिथे गेलॉर्डमध्ये, ॲस्टोरिया हॉटेलातल्या व्हेनिसमध्ये एके काळी रोज रात्री हे वाजत होतं.

हीच माणसं दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत असायची. आपले सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी भगवानदादांच्या 'अलबेला'ला (१९५१) जे संगीत दिलं त्यातला तो उसळता ब्रास आठवा. त्यामागे चिक चॉकलेट होता. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं आल्दोना, वाद्य ट्रम्पेट, आणि ख्याती मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग अशी. शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांत व्हायोलिनच्या लाटा येतात, त्या कागदावर उतरवणारा माणूस सेबॅस्टियन डिसूझा. अँथनी गोन्साल्विस हे तर देशभरातल्या पोराटोरांना माहीत असलेलं नाव आहे, फक्त ते खरं आहे हे बहुतेकांना माहीत नाही! माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'तल्या (१९७७) गाण्यात प्यारेलालांनी त्यांचं नाव आठवणीने घातलं. ते २०१२ साली गेले. म्हणजे हिंदी सिनेमातल्या एवढ्या मोठ्या वादकवर्गापैकी ज्याचं नाव घराघरांत पोचलं तो एक माणूस, आणि त्यालाही लोक काल्पनिक पात्र समजतात.

ही नशिबवान नावं झाली. बाकीच्यांचं काय? तबकडीच्या लेबलवर सिनेमा, गायक आणि संगीतकार. अरेंजरचं नाव आलंच तर सिनेमाच्या श्रेयनामावलीत "सहाय्यक" म्हणून. तिसऱ्या खुर्चीवरचा सॅक्सोफोनवाला कुठेच नाही. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईत येऊन वादकांच्या मुलाखती घेऊन घेऊन 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हे पुस्तक केलं, म्हणून थोडं तरी टिकलं. नाहीतर ही माणसं आणि त्यांच्या आठवणी एकेक करून गेल्या असत्या, आणि पुष्कळ गेल्याही.

म्हणून माझ्या कार्यक्रमाचा एक नियम आहे. महिन्यातून एकदा मी मुंबईची रेकॉर्ड लावतो, आणि वादकाचं नाव नोंदलेलं नसेल तर तसं स्पष्ट सांगतो. "ट्रम्पेट: वादकाचं नाव नोंदलेलं नाही. सॅक्सोफोन: वादकाचं नाव नोंदलेलं नाही." इतर नावं ज्या संथपणे घेतो त्याच संथपणे. एका मित्राच्या मते हे ऐकायला फार चमत्कारिक वाटतं. वाटू दे. रिकामी खुर्ची रिकामी आहे हे दिसलं तरच कोणीतरी विचारील की इथे कोण बसायचं. एकदा असं झालंही. वसईच्या एका श्रोत्याने लिहिलं की तुम्ही लावलेल्या एका गाण्यात आमचे आजोबा वाजवत होते असं घरात सांगतात. कागद काहीच नाही, फोटो नाही, फक्त घरातली आठवण. पुढच्या शनिवारी मी त्यांच्या परवानगीने, "कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार" असं म्हणून ते नाव घेतलं. पुरावा नसताना नाव घेणं बरोबर की चूक, यावर माझा आणि त्या मित्राचा वाद अजून मिटलेला नाही. माझं म्हणणं, कशाच्या आधारावर बोलतोय ते सांगून बोललं तर चालतं. नावच न घेण्यापेक्षा तर नक्कीच बरं.

दुसरा सल्ला, इंग्रजीचा. रीच वाढेल हे खरं आहे. पण इंग्रजीत जॅझवर बोलणारे माझ्याहून हजारपटींनी जाणकार लोक आहेत, त्यात माझी भर कशाला? मराठीत मात्र जागा मोकळी आहे, आणि मुख्य म्हणजे मराठीकडे जॅझसाठी लागणारे शब्द आधीपासून तयार आहेत. हे मला स्वतःला कार्यक्रम करायला लागल्यावर कळलं. जॅझमध्ये एक ठरावीक लांबीची चौकट असते, ब्लूज असेल तर बारा मात्रागट, बरीचशी जुनी गाणी बत्तीस मात्रागटांची, प्रत्येक गटात चार मात्रा. ही चौकट पुन्हा पुन्हा फिरते आणि वादक तिच्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो. इंग्रजीत तिला कोरस म्हणतात. नवख्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगायला दोन परिच्छेद लागतात. मराठी श्रोत्याला "आवर्तन" म्हटलं की विषय संपला. आयत्या वेळी सुचतं ती उपज. एखादी छोटी कल्पना घेऊन ती फुलवत नेणं म्हणजे बढत. ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला चार-चार गट आळीपाळीने वाजवतात तो सवाल-जवाब. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा वादकाला जागेचं भान देत राहतो, साधारण तेच काम डबल बास करतो. ही साम्यं तंतोतंत नाहीत. आपल्याकडे तंबोरा एका सुरावर ठाम उभा असतो, जॅझमध्ये पायाखालचे स्वरसंघ सतत बदलत असतात, आणि खरी मजा त्या बदलांतून वाट काढण्यात असते. पण दार उघडायला एवढी किल्ली पुरते. ज्यांच्या घरात भीमसेन आणि वसंतराव ऐकले गेले त्यांना जॅझ "वरच्या वर्गातल्या लोकांचं" वाटावं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटत आलंय. ऐकायची तयारी आपली आधीच झालेली आहे. पंचाईत एवढीच, की ओळख नेहमी दुसऱ्या भाषेत करून दिली गेली.

हे करतोस कसं, असं विचारणाऱ्या मंडळींसाठी थोडं तांत्रिक. तांत्रिक भाग खरंच सोपा आहे. साधा यूएसबी माइक, जुना लॅपटॉप, आणि मिक्सिंगसाठी मिक्स हे मुक्त सॉफ्टवेअर. हौस म्हणून मी घरच्या रास्पबेरी पायवर आइसकास्ट सर्व्हरही चालवून पाहिला, मित्रांच्या बँडची रेकॉर्डिंग्ज लावून. १२८ केबीपीएसने एका श्रोत्याला एका तासाला साधारण ५८ एमबी लागतात. चौदा श्रोते म्हणजे ८०० एमबीच्या आसपास. एवढं तर आजकाल फोनचं एक अपडेट खातं.

अवघड भाग आहे तो कायद्याचा. प्रत्येक गाण्यात दोन हक्क असतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि एक मूळ रचनेचा. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, रचनेचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यामुळे रेकॉर्ड जुनी आहे म्हणून सगळं मोकळं झालं असं होत नाही. रेडिओ केंद्रांना २०१२ च्या दुरुस्तीने जी वैधानिक परवान्याची सोय मिळाली, ती इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नाही असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तो कायम ठेवला. म्हणून माझा कार्यक्रम स्वतःच्या सर्व्हरवरून जात नाही, हक्कधारकांना पैसे पोचवणाऱ्या एका सेवेवरून जातो. महिन्याला त्याचे थोडे पैसे पडतात. वादकांची नावं तोंडभरून घ्यायची आणि पैसे बुडवायचे, हे काही जमायचं नाही.

त्या सेवेचे नियम अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याच्या धर्तीवर आहेत. तीन तासांच्या अवधीत एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नकोत, एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नकोत, यादी आधी जाहीर करायची नाही. वकिलांनी रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा वाचवायला केलेले हे नियम, पण त्यांनी माझं भलं केलं. एकाच लाडक्या माणसाची गाणी ओळीने लावायची सोय नसल्याने दर आठवड्याला नवे लोक शोधावे लागतात. आणि यादी आधी माहीत नसल्यामुळे श्रोत्याला थांबावं लागतं, जे आजकाल कोणालाच करावं लागत नाही.

थांबण्यावरून आठवलं. कार्यक्रम साठवून ठेवता येतो, हवा तेव्हा ऐकता येतो, मग शनिवारी दहाचाच हट्ट का? आपल्या आधीच्या पिढीला विचारा, बिनाका गीतमालेचा वार कोणता. झोपेतून उठवून विचारलं तरी बुधवार सांगतील. अमीन सायानींचा तो कार्यक्रम १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झाला, आणि आकाशवाणीने तेव्हा सिनेसंगीत जवळजवळ बंदच केल्यामुळे सगळा देश तिकडे वळला. (ते धोरण राबवणारे मंत्री बाळकृष्ण केसकर आपले पुण्याचेच!) त्या बुधवारची गंमत अशी की आपण ऐकतोय त्या क्षणी इतरही ऐकतायत हे प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या चौदा जणांनाही ते माहीत असतं. प्रक्षेपण अर्धा मिनिट उशिरा पोचतं, त्यामुळे मी विनोद केला की तीस सेकंदांनी चॅटमध्ये हसू येतं. एक मुलगी हिंजवडीत नाइट शिफ्टला असते, तिकडून ऐकते. एक जोडपं न्यू जर्सीत शनिवारच्या चहाबरोबर ऐकतं. एक निवृत्त काका दर वेळी आवाज कमी येतो म्हणून तक्रार करतात आणि शेवटपर्यंत थांबतात. साठवलेला कार्यक्रम नंतर ऐकणारे लोक संख्येने जास्त आहेत, पण मी बोलतो तो या चौघा-पाचांशी.

खर्चाची बाजूही सांगायला हवी. एका तासासाठी चार-पाच तास तयारी जाते, बहुतेक वेळ नावं आणि तारखा तपासण्यात. शनिवार रात्रीचं सॉफ्टवेअर रिलीज मी रविवार पहाटेच्या शिफ्टशी बदलून घेतलंय, त्यामुळे रविवारची झोप गेली. मित्रांबरोबरची शनिवारची जेवणं गेली. पैसे मिळत नाहीत, मिळणारही नाहीत. तरीही बंद करावंसं वाटत नाही. चौदा हा आकडा स्क्रीनवर बघितला की केविलवाणा वाटतो. पण घरी बैठक ठेवली आणि चौदा माणसं आली, तर आपण म्हणतो खोली भरली, चहाचे कप शेजारून आणा.

तुम्हाला जॅझ आवडत नसेल तर काही हरकत नाही. तुम्हाला ज्यातलं चार लोकांपेक्षा जास्त कळतं असं काहीतरी असेलच: बैठकीची लावणी, दशावतारातलं संगीत, ऐंशीच्या दशकातलं मराठी सिनेसंगीत, कोल्हापूरचे बँडवाले. माइक हजार-दोन हजारात येतो. गोधडी घरात असते. आठवड्यातला एक तास ठरवा, आणि जे लावाल त्याच्या मागे कोण बसलं होतं ते सांगा. नाव सापडलं नाही तर सापडलं नाही असं सांगा.

येत्या शनिवारी मी काय लावणार हे कायद्यानेच आधी सांगता येत नाही :) डबल बासवाल्यांचा कार्यक्रम आहे, एवढं पुरे. रात्री दहा वाजता. आवाज कमी आला तर काकांच्या आधी कळवा.